टेंभलीच्या जिल्ह्यातले पासवर्ड

डेटाबेस सांभाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक आपल्या जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी तिथे आले होते. बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद देऊन आधार क्रमांक मिळवणारी पहिली माणसं आपल्या गावांतली होती. म्हणून या जिल्ह्यात दवाखान्याची, पतसंस्थेची किंवा बाजार समितीची माहिती ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर जास्तीची जबाबदारी येते, असं मी मानतो. या सभेचा अध्यक्ष या नात्याने एकच काम तुमच्यापुढे ठेवतो: तुमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधले एमडी५ पद्धतीचे पासवर्ड हटवा आणि स्क्रॅम या नव्या पद्धतीवर या.

एमडी५ हे १९९१ सालचं. या पद्धतीत पोस्टग्रेस पासवर्डला वापरकर्त्याचं नाव जोडतं आणि त्याचा हॅश, म्हणजे त्यापासून बनवलेली सांकेतिक खूण, ठेवतं. त्यामुळे नवापूरच्या आणि अक्कलकुव्याच्या सर्व्हरवर ‘ॲडमिन’ या नावाला एकच पासवर्ड असेल, तर हॅशही हुबेहूब तोच. त्याहून वाईट म्हणजे, हा हॅश ज्याच्या हाती लागला त्याला पासवर्ड शोधून काढायचीही गरज नाही. हॅशच्या जोरावर तो लॉगिन करू शकतो. स्क्रॅममध्ये प्रत्येक पासवर्डला वेगळा सॉल्ट, म्हणजे यादृच्छिक जोड, मिळतो, हिशेब ४०९६ वेळा फिरतो, आणि सर्व्हरवरची नोंद चोरली तरी नुसत्या तिच्यावर आत शिरता येत नाही. ही सोय २०१७ पासून, दहाव्या आवृत्तीपासून आहे. चौदाव्या आवृत्तीत नव्या पासवर्डसाठी तीच ठरलेली पद्धत झाली, आणि २०२५ च्या अठराव्या आवृत्तीने एमडी५ जाणार असल्याचा इशारा देऊन ठेवला आहे.

मग काम अडतं कुठे? हॅशवरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही, म्हणून जुन्या नोंदीची नवी नोंद सर्व्हर आपोआप करू शकत नाही. प्रत्येक वापरकर्त्याला पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. धडगावच्या केंद्रातल्या ऑपरेटरलाही. त्यांचे पासवर्ड फोनवर विचारून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या साधनातली ‘\पासवर्ड’ ही आज्ञा त्यांच्याच संगणकावर हॅश तयार करून पाठवते. उघडा पासवर्ड सर्व्हरच्या लॉगमध्येही उमटत नाही.

घाईही नको. आधी जुने ड्रायव्हर बदला, नाहीतर कामाच्या दिवशी जोडणीच होणार नाही आणि खिडकीपुढची माणसं ताटकळतील. मग पासवर्ड साठवण्याची पद्धत स्क्रॅम करा आणि लोकांना पासवर्ड बदलू द्या. प्रवेशाच्या फाइलमध्ये ‘एमडी५’ लिहिलेलं असलं, तरी ज्याची नोंद स्क्रॅमची झाली त्याला सर्व्हर स्क्रॅमनेच तपासतो. त्यामुळे जुने-नवे काही दिवस एकत्र नांदू शकतात. भूमिकांच्या, म्हणजे वापरकर्त्यांच्या, तक्त्यात ‘एमडी५’ने सुरू होणारी एकही नोंद उरली नाही, की मगच ती ओळ बदला.

या खटपटीत एक गोष्ट उघडी पडेल: सगळ्या कार्यालयाचं मिळून एकच लॉगिन. मला तो धोका एमडी५पेक्षाही मोठा वाटतो. कोणी काय बदललं हे कळायचा मार्गच त्यात नसतो, आणि माणूस बदली होऊन गेला तरी पासवर्ड त्याच्यासोबत जातो. पासवर्ड नव्याने द्यायचेच आहेत, तर प्रत्येकाला स्वतंत्र खातं द्या. वरिष्ठ कुरकुर करतील, तरी द्या.

आणि जुने बॅकअप विसरू नका. पूर्ण डंपमध्ये भूमिकांचे हॅशही असतात. लोकांनी तोच पासवर्ड पुन्हा ठेवला, तर कपाटातल्या जुन्या हार्ड डिस्कवरचा एमडी५ हॅश फोडून कोणीही नव्या सर्व्हरवर लॉगिन करू शकेल. म्हणून पासवर्ड खरोखर नवा असल्याची खात्री करा, आणि ज्या डिस्कची गरज संपली ती आपल्या हाताने पुसून टाका.