भयकथा आणि घराचे कर्ज



भयकथा वाचणारे पुष्कळ. परंतु तसे चारचौघांत कबूल करणारे थोडे. अशा लेखनाला प्रतिष्ठित प्रकाशक कोठून मिळावा? अमेरिकेतील एच. पी. लव्हक्राफ्टचेच पाहा. त्याच्या कथा ‘विअर्ड टेल्स’सारख्या स्वस्त कागदाच्या मासिकांत छापून येत. हयातीत कथेचे पुस्तक म्हणावे असे एकच निघाले, १९३६ साली, आणि तेही एका हौशी गृहस्थाने काढलेले. छापल्या सुमारे ४०० प्रती, बांधल्या निम्म्याच. मुद्रणदोष इतके, की शुद्धिपत्र जोडावे लागले! पुढच्याच वर्षी लव्हक्राफ्ट वारला.

त्याचे दोन लेखकमित्र, ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री, कथांचे बाड घेऊन मोठ्या प्रकाशकांकडे गेले. सगळीकडे नकार. तेव्हा १९३९ मध्ये त्यांनी स्वतःच ‘आर्कहॅम हाउस’ ही संस्था काढली. डर्लेथने घर बांधण्यासाठी बँकेचे कर्ज घेतले होते. त्यातलेच पैसे त्याने छपाईत घातले. आपल्याकडे घर पाहावे बांधून म्हणतात. या गृहस्थाने पुस्तक पाहिले छापून! प्रती १,२६८, किंमत ५ डॉलर. त्या काळी ही किंमत जबरच. प्रती खपायला चार वर्षे लागली.

हिशेबी माणूस येथेच थांबला असता. डर्लेथ स्वतः कादंबरीकार. लेखणीची कमाई तो या धंद्यात ओतीत राहिला. रे ब्रॅडबरीचे पहिले पुस्तक १९४७ साली निघाले, ते याच संस्थेकडून.