संध्याकाळचा वाचनकक्ष

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



वाचनालयाच्या व्यासपीठावर पत्रकार उभा राहिला की तो वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल हळहळणार, अशी तुमची अटकळ असेल. मी आज माझी स्वतःची एक फजिती सांगणार आहे.

आपल्या पेठेतील पाणीटंचाईवर मी अनेक वर्षे लिहीत आलो. महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्याही बातम्या दिल्या. अशाच एका संध्याकाळी येथील मुक्तद्वार वाचनकक्षात एक निवृत्त शिक्षक माझ्या शेजारी येऊन बसले. नगरसेवकाकडून मागून आणलेले अंदाजपत्रकाचे जाडजूड पुस्तक त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, ‘‘आपल्या पेठेच्या जलवाहिनीची तरतूद कुठे आहे, तेवढी दाखवा.’’ मला ती सापडेना. सभापतींचे भाषण आणि शिलकीचा आकडा यांपलीकडे मी ते पुस्तक कधी उघडलेच नव्हते!

मास्तरांनी पान काढून दिले. गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने तेथे होते. आम्ही बातमीदार शेवटच्या रकान्यावर मथळे देतो. मास्तर पहिला रकाना वाचत होते. जलवाहिनीपुढे तेथे शून्य होते. मागील दोन वर्षांची पुस्तके पाहिली, तेथेही तेच. तरतूद दरवर्षी, खर्च कधीच नाही.

मग त्या टेबलाभोवती पाच-सहा जण जमू लागले. एकाच पक्षाचे तर नव्हेतच. एरवी अग्रलेखांवरून त्यांची कडाक्याची भांडणे होत. परंतु रकाने मात्र सर्वांना सारखेच दिसत होते. २००५च्या माहिती अधिकार कायद्यान्वये अर्ज केला. तीस दिवस उलटले, उत्तर नाही. अपील केले, तेव्हा कळले की, रस्ता खोदण्याची परवानगी एका खात्याने दुसऱ्या खात्याकडे मागितलीच नव्हती. पुढे जलवाहिनी आली. अर्ध्या पेठेपुरती. उरलेल्या अर्ध्या पेठेतील मंडळी आजही आमच्यावर रुसून आहेत, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

१९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. ही दुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. नागरिकाने कारभाराजवळ यावे, ही त्यामागील अपेक्षा. पण कारभाराजवळ यायचे तर कारभाराचे कागद वाचावे लागतात, आणि ते एकट्याने घरी वाचवत नाहीत. मी करून पाहिले आहे; तिसऱ्या पानावर झोप येते.

आपल्याकडे वाचनालये सरकारने प्रथम काढली नाहीत, लोकांनी काढली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. त्यात पुढाकार घेणाऱ्या वि. ल. भावे यांनी तेव्हा वयाची पंचविशीही गाठली नव्हती. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १९६७ साली झाला. त्या कायद्याने अनुदान आले आणि अनेक वाचनालये तगली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. मात्र अनुदान आले तसे आपण सभासद घरी बसलो, हेही खरे.

हे सारे आज सांगण्याचे कारण कार्यकारिणीला ठाऊक आहे. संध्याकाळचा वाचनकक्ष बंद करण्याचा विषय पुढील बैठकीत आहे. कारणे खोटी नाहीत. कर्मचाऱ्याला मिळणारे मानधन इतके तुटपुंजे आहे की त्याला रात्री साडेआठपर्यंत थांबा म्हणणे अन्यायाचे ठरेल. वर्तमानपत्रे लोक हातातल्या मोबाईलवर वाचतात. कक्षात कधी तीन माणसे असतात, कधी दोन. मास्तरही आता नाहीत.

तरीही ठराव करण्यापूर्वी सभासदांपैकी कोण कोण आठवड्यातून एखादी संध्याकाळ देऊ शकेल, हे एकदा विचारून पाहावे, अशी माझी विनंती आहे. मंगळवार आणि शुक्रवार माझ्याकडे लावा. किल्ली कोणाकडून घ्यायची, तेवढे सांगा.