पत्रा नंतर बघू, आधी आरसी

गेल्या बैठकीत बचतीपेक्षा गाडीवरच जास्त बोलणं झालं, म्हणून आज तोच विषय तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

आपल्या खांडबाऱ्याला सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन आहे. पण रेल्वे तिच्या वेळेला येते, आपल्या नाही. नंदुरबारला कामाला जायचं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, येताना किराणा आणायचा आणि पाड्यावर पोचायचं, हे सगळं एका दिवसात बसवायचं म्हणजे जीव जातो. म्हणून जुनी छोटी गाडी घ्यावी असं तीन-चार घरांत चाललं आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरच्यांनी गुजरातच्या बाजूला एक ऑल्टो पाहिली. ९० हजार सांगितले होते. पत्रा चकचकीत, सीटला नवी कव्हरं. १० हजार बयाणा देऊनही झाला, आणि मग ताईंनी आम्हाला सांगितलं. आम्ही चौघी त्यांच्यासोबत गेलो आणि आरसी मागितली. आरसीवर नाव भलत्याचंच, आणि कर्ज देणाऱ्याचा बोजा तसाच चढलेला. विकणारा म्हणाला, "नावाचं नंतर बघू, सगळे असेच चालवतात." आम्ही परत आलो. तीन खेपा घातल्यावर ५ हजार सुटले, ५ गेले ते गेले.

आता "नंतर बघू" म्हणजे काय होतं ते ऐका. कागदावर ज्याचं नाव तोच मालक. गाडी दोन-तीन हातांतून गेली, नाव कोणी बदललं नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या माणसाची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे. म्हणजे जुनी गाडी आपण विकली तरी हे लक्षात ठेवायचं. आणि घेणाऱ्या बाईच्या हातात तरी काय? पैसे तिचे, गाडी कागदावर दुसऱ्याची.

गुजरातची गाडी स्वस्त दिसते त्याचं एक कारण पुढे उभं असतं. तिथल्या आरटीओची एनओसी आणावी लागते, बोजा असेल तर तो आधी उतरवावा लागतो, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो, मग आपल्या एमएच ३९ चा नंबर मिळतो. परराज्याची गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर हे करावंच लागतं. तो सगळा खर्च धरून भाव करायचा. आम्हाला विचाराल तर पहिली गाडी आपल्याच जिल्ह्यातली बघा, हेलपाटे वाचतात.

गाडीचा नंबर मिळाला की घरातल्या शिकत्या मुलीला एमपरिवहन अ‍ॅपवर टाकायला सांगा. नोंदणी कधीची, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे दिसतं. दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का तेही बघून घ्या. वर्ष नीट बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढच्या नूतनीकरणाची फी आधी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. वर पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्तच मिळणार!

आता गाडीकडे या. सकाळी जा, इंजिन गार असताना, बॉनेटवर हात ठेवून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर विचारायचं का म्हणून. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण क्लचच्या पायाखालचं रबर खोटं बोलत नाही. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे. आणि आपला मिस्त्री न्या, विकणाऱ्याचा नाही. चार-पाचशे रुपये जातील, जाऊ द्या.

चालवून बघायची तर चार माणसं बसवून, आपल्या पाड्याच्या रस्त्यावर. पोट घासतं का ते तिथेच कळतं. विसरवाडीहून पुढे कोंडाईबारीच्या चढाला गाडी रडत असेल तर क्लच प्लेटचा खर्च धरा. म्हाताऱ्या माणसांना वॅगनआर बरी, छप्पर उंच आहे. ऑल्टो खर्चाला हलकी, पण मागे तिघांची दाटी. दोन्हींचे पार्ट सहज मिळतात, हे आमच्या मते रंगापेक्षा मोठं.

एक गोष्ट घराघरात ऐकू येते, "पाच सीट भाड्याने नेल्या की हप्ता निघेल." तसं करू नका. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायची परवानगीच नाही, आणि तशात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पैशांवर आमच्यात दोन बैठका वाद झाला. शेळ्यांसाठी म्हणून घेतलेलं कर्ज गाडीत घालावं, असं काही जणींचं म्हणणं होतं. ते आम्ही मान्य केलं नाही. शेळी दूध देते, पिल्लं देते. गाडी पेट्रोल मागते. शेवटी ताईंनी स्वतःचे ८० हजार घातले आणि ४० हजार गटातून घेतले, गाडीसाठीच असं ठरावात लिहून. नंदुरबारच्या एका निवृत्त गुरुजींची वॅगनआर मिळाली, पहिल्या हातची. कर्ज ताईंचं, तर आरसीही ताईंच्या नावावर. हे घरात पटवायला गाडी शोधण्यापेक्षा जास्त दिवस लागले. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० पैसे देतानाच सही करून घेतले, आणि विमा नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत दिला.

ताई आता पेट्रोल, पंक्चर, ऑइल सगळं वहीत लिहितात. पहिल्या महिन्याचा आकडा बघून त्यांचे मालक गप्पच झाले. आता आठवड्यातले तीन दिवस ताई रेल्वेनेच जातात, गाडी गरजेला. गाडी चालवायला मात्र त्या स्वतः शिकत आहेत, आणि आमच्यातल्या दोघींनी शिकाऊ लायसन्सचा अर्ज केला आहे.

कोणाच्या घरी गाडी बघायचं चाललं असेल तर बैठकीत सांगा, आम्ही सोबत येऊ. फक्त बयाणा देण्याआधी सांगा.