गामा पैलवान आणि आपली वर्गणी
(झाशी येथील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाप्पांसमोर काहीतरी अध्यात्मिक बोलावे अशी अपेक्षा असते. मी मात्र आज कुस्तीवर बोलणार आहे.

आपण झाशीकर पीतांबरा पीठाच्या दर्शनाला दतियाला जातो. त्याच दतियाच्या दरबाराने एका पोरक्या मुलाला पोसून पैलवान केले. त्याचे नाव गुलाम मोहम्मद, म्हणजेच गामा. जन्म १८७८ चा, घराणे पैलवानांचे. पण वडील लवकर गेले. दहा वर्षांचा असताना जोधपूरला बैठकांच्या स्पर्धेत चारशेहून अधिक पैलवानांत तो शेवटच्या पंधरांत टिकला. वय पाहून महाराजांनी त्यालाच विजेता ठरवले. पुढे दतियाच्या महाराजांनी त्याच्या तालमीची आणि खुराकाची जबाबदारी घेतली.

१९१० साली गामा भाऊ इमामबक्षसह लंडनला गेला. उंची जेमतेम पाच फूट सात इंच, म्हणून आयोजकांनी त्याला उभेच करेनात. तेव्हा त्याने आव्हान दिले, कोणत्याही वजनाचे तीन मल्ल अर्ध्या तासात पाडून दाखवतो! अमेरिकेच्या डॉ. रोलरला त्याने दोनदा चीत केले. मग १० सप्टेंबरला पोलंडचा बलाढ्य झिबिस्को समोर आला. तो बहुतेक वेळ मॅटवर पालथा पडून राहिला आणि अडीच तासांवर चाललेली कुस्ती बरोबरीत सुटली. १७ तारखेला पुन्हा लढत ठरली, पण झिबिस्को आलाच नाही. मानाचा 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला.

मंडळी, गामाच्या मनाची बरोबरी काही सुटली नव्हती. अठरा वर्षांनी, १९२८ च्या जानेवारीत, पतियाळाच्या महाराजांनी दोघांची पुन्हा गाठ घालून दिली. गामा तेव्हा पन्नाशीला टेकला होता. एका मिनिटाच्या आत झिबिस्कोची पाठ मातीला लागली!

पण पुढचा भाग कोणी सांगत नाही. १९४७ ला फाळणी झाली. गामा लाहोरला राहिला. त्या दंगलीत त्याने आपल्या गल्लीतल्या हिंदू शेजाऱ्यांचे रक्षण केले, असे सांगतात. संस्थाने गेली, आश्रय गेला. आखाड्यात कधीही न हरलेल्या या माणसाची अखेरची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. २३ मे १९६० रोजी तो वारला.

आपल्याकडेही वेगळे काय होते? शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले, मल्ल पोसले. महाराज गेले, संस्थानही गेले. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांना स्वतःचे घर गहाण टाकावे लागले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, कारण एका शिक्षकाने राजाचे काम केले.

आमच्या कॉलनीजवळच्या आखाड्यातला एक मुलगा गेल्या वर्षी कुस्ती सोडून दुकानात लागला. कारण विचारले, तर म्हणाला, "काका, दूध-बदाम परवडत नाहीत." त्या दिवशी मी गप्प राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

रोषणाईवर आपण खर्च करतो, जरूर करावा. पण वर्गणीतला एक छोटा वाटा एका मुलाच्या खुराकासाठी दरवर्षी बाजूला ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे. माझ्यातर्फे पहिल्या महिन्याचे पैसे मी आजच खजिनदारांकडे देत आहे.

गणपती बाप्पा मोरया!