मूल वाढवायचं कुणी?

(शेतमजूर बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



अंगणवाडीत वजन होतं, काटा कमी दाखवतो आणि आईला विचारलं जातं, "लेकराकडे लक्ष नाही का गं?" दवाखान्यात तेच, सासूचंही तेच. मूल गुटगुटीत असलं तर ते घराण्याचं, रोडावलं तर एकट्या आईचं! वस्त्यांमध्ये काम करताना बापाला हा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी होती. वाढ खुंटते ती मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त अंगावरचं दूध हवं. पुढे दुधाच्या जोडीला मऊ वरणभात, तेल घातलेली खिचडी, अंडं. पण पोट इवलंसं, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं भरवावं लागतं. हे आपल्याला कळत नाही असं नाही. पण सकाळी आठला खुरपणीला गेलेली बाई संध्याकाळी परतते. मधल्या वेळात भरवायचं कुणी?

मोठ्या मुलीनं! नऊ-दहा वर्षांची पोर भावाला कडेवर घेऊन घरी बसते, शाळेत तिची गैरहजेरी लागते. लेकराचं आरोग्य, मुलीचं शिक्षण आणि आईची मजुरी एकाच गाठीत अडकली आहेत. एकच धागा ओढून ती सुटणार नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखलं होतं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणल्या. धाकट्याला घेऊन थोरलीही आली आणि शिकली.

सरकारनं १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आणली. अंगणवाडी गावोगाव गेली, पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला मुख्यतः आहाराचं पाकीट आलं, दिवसभराचा सांभाळ नाही. पाकीट काही आपणहून भरवत नाही!

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली, तीत पहिल्या मुलासाठी पाचच हजार ठेवले. त्याच वर्षी नोकरदार बाईची पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. ती हवीच. पण खुरपणाऱ्या बाईचं बाळंतपण काय निराळं असतं?

म्हणून मागणी अशी: अंगणवाडीला जोडून पाळणाघर हवं, आणि ते आपल्या कामाच्या वेळेइतकं उघडं हवं. तिथं सांभाळणाऱ्या बाईला पुरतं वेतन हवं. तिच्या मायेवर फुकट राबवणं नको. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं हा ठराव मांडा, लिहून घ्यायला लावा.

आणि येत्या वजनाच्या दिवशी लेकराला बापाच्या कडेवर पाठवा. काटा काय म्हणतो ते त्यालाही वाचू दे.