तपासणीची फी कुणाची आणि कपात कुणाची?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव आणि ज्वारीचा उठाव हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र मी दुधाच्या बिलातल्या दहा पैशांवर बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कापूस वर्षातून एकदा पैसा देतो आणि म्हैस दर दहा दिवसांनी देते. किराणा आणि पोरांच्या वह्या या दहा दिवसांच्या बिलावर चालतात.

एका गावात बैठक संपल्यावर एक बाई आपलं दुधाचं बिल घेऊन माझ्याकडे आल्या. घरी दोन म्हशी. बिलात फॅटची, एसएनएफची ओळ होती आणि त्याखाली नवीन ओळ होती : ‘तपासणी’, लिटरला दहा पैसे. संकलन केंद्रावर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘वरून आहे.’ कसली तपासणी? ‘औषधाची.’ त्याच बिलात दोन दिवसांचं दूध शून्य रुपयांनी लावलं होतं. टँकरमध्ये औषधाचा अंश सापडला म्हणून टँकर परत आला आणि साऱ्या गावाचे दोन दिवसांचे पैसे बुडाले. अहवाल कुणी पाहिला? कुणीच नाही. गावातल्या एका म्हशीला दगडी झाली होती आणि कासेत औषध सोडलं होतं, एवढं कळलं. पण किती दिवस दूध घालायचं नाही, हे औषध देणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

म्हणजे चूक एकाच्या अज्ञानाची, दंड गावाला, आणि वर तपासणीची फीही गावालाच. भावांनो, आपल्याला ही चाल ओळखीची आहे. कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात चुकाऱ्यातून भांडवल निर्मिती निधीचे तीन टक्के कापले जात होते. कपात आधी आणि हिशोब मागून, ही रीत आपण तिथे शिकलो. ज्वारीच्या लेव्हीच्या आठवणी तर घरातल्या म्हाताऱ्यांना अजून असतील. म्हणून नवी कपात दिसली की पहिला प्रश्न हाच विचारायचा : पैसा कशासाठी, कुणाकडे आणि किती?

युरोपात हे कसं झालं

जनावरातले आणि जनावरांच्या मालातले औषधाचे अंश तपासायचे आणि त्यासाठी सरकारने फी घ्यायची, याची घडी युरोपात बसली. 1980 साली इटलीत वासराच्या मांसापासून केलेल्या लहान मुलांच्या अन्नात एक कृत्रिम संप्रेरक सापडलं. जनावर लवकर भरावं म्हणून ते वापरलं जात होतं. लोकांनी वासराचं मांस घेणं सोडलं, भाव कोसळले, आणि मार खाल्ला तो तिथल्या पशुपालकानेच. ज्याने इंजेक्शन कधी हातात धरलं नव्हतं त्यानेसुद्धा.

मग कायदे आले. मांसाच्या तपासणीच्या खर्चासाठी फी घेण्याचा नियम युरोपीय समुदायाने 1985 च्या जानेवारीत केला. 1986 साली जनावरं आणि ताजं मांस यांतले अंश तपासण्याचा नियम झाला. 1996 साली दोन्ही नियम नव्याने बांधले आणि अंश-तपासणीच्या फीचे दर ठरले : कत्तलखान्यात एक टन मांसामागे 1.35 एकू आणि कच्च्या दुधाच्या हजार लिटरमागे 0.02 एकू. एकू म्हणजे आजच्या युरोचा आधीचा अवतार. 1999 साली एका एकूचा एक युरो झाला. युरो शंभर रुपयांचा धरला तर हजार लिटर दुधाला दोन रुपये, म्हणजे लिटरला एका पैशाचा पाचवा हिस्सा.

एवढ्या थोड्या पैशात भागतं कसं? कारण प्रत्येक गोठ्यात इन्स्पेक्टर जात नाही. 1996 च्या नियमात दुधाच्या दर 15,000 टनांमागे वर्षाला एक नमुना होता, आणि देश कितीही लहान असला तरी किमान 300 नमुने. गाई-बैलांच्या बाबतीत आदल्या वर्षी कापलेल्या जनावरांच्या 0.4 टक्के. नमुना नियम लावून काढायचा, चांगल्या प्रयोगशाळेत तपासायचा आणि अंश सापडला तर त्या गोठ्यापर्यंत माग काढत जायचं. फी कत्तलखान्याच्या किंवा प्रक्रिया करणाऱ्याच्या दारात, टनावर.

आता यातली खोच ऐका. फी कत्तलखान्याने भरायची असली, तरी ती ज्याच्यासाठी काम केलं त्याच्याकडून वसूल करण्याची मुभा त्याला कायद्यानेच दिली होती. म्हणजे तिथेसुद्धा फी खाली सरकू शकते. नाव कुणाचंही असो, ज्याच्याकडे माल थांबवून धरायची ताकद नाही त्याच्या बिलात ती येऊन बसते. नाशवंत माल विकणारा कायम त्याच जागी असतो.

पण तिथल्या शेतकऱ्यांच्या हातात काही गोष्टी आहेत, त्या आपल्या हातात नाहीत. 2004 च्या युरोपीय कायद्याने असं बांधून दिलं की फी प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त घेता येणार नाही. खर्च म्हणजे तपासणाऱ्यांचे पगार, त्यांच्या कामाचा खर्च आणि नमुने व प्रयोगशाळेचा खर्च. फी कशी मोजली ते सरकारने जाहीर करायचं. थोडा माल हाताळणाऱ्यांचा आणि अडचणीच्या भागातल्यांचा विचार दर ठरवताना करायचा. आणि नियम मोडल्यामुळे जादा तपासणी करावी लागली, तर तिचा खर्च मोडणाऱ्याकडून घ्यायचा. त्या कायद्याच्या जागी 2017 चा कायदा आला आणि डिसेंबर 2019 पासून लागू झाला. त्यातही ही तत्त्वं कायम राहिली.

आपला हिशोब

आता आपल्या देशाचं गणित मांडू. 2023-24 साली देशाचं दूध उत्पादन सुमारे 23.9 कोटी टन होतं. युरोपच्या 1996 च्या मापाने दर 15,000 टनांना एक नमुना म्हटलं तर वर्षाला सुमारे 16 हजार नमुने होतात. एका नमुन्याच्या सगळ्या तपासण्यांना दहा हजार रुपये धरू. 16 कोटी रुपये झाले. ते 23.9 कोटी टनांवर वाटा : टनाला 67 पैसे. निम्मंच दूध बाजारात येतं असं धरलं तरी टनाला दीड रुपयाच्या आत. आणि त्या बाईंच्या बिलातली कपात? लिटरला दहा पैसे म्हणजे हजार लिटरला शंभर रुपये.

कुणी म्हणेल, डेअरीला रोज टँकर तपासावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. बरोबर आहे. पण तो खरेदीदाराच्या धंद्याचा खर्च आहे. कापडगिरणी सूत तपासते तेव्हा त्याचं बिल आपल्याला पाठवत नाही. सरकारी देखरेखीची फी एक आणि खरेदीदाराची रोजची परीक्षा दुसरी. या दोन्ही ‘तपासणी’ या एका शब्दात घालून आपल्या माथी मारल्या जातात, तिथे आपण बोट ठेवायचं.

कायद्याचंही ऐकून ठेवा. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 18, उपकलम 3 प्रमाणे शेतकरी आणि त्याचा शेतावरचा माल या कायद्याच्या बाहेर आहे. म्हणून काही जण म्हणतात, आपल्याला काय करायचं? चुकतात ते. कायद्याने आपण बाहेर असलो तरी बाजाराने आत आहोत. 2010 साली भारतीय मधाची युरोपातली आयात थांबली. अंशांवर नीट नियंत्रण नाही, असं कारण दिलं गेलं. 2011 च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात मधपाळाला कुठल्याही कलमाने वाचवलं नाही.

आपल्या दारातली गोष्ट

मी शेतीचं शिकलेला माणूस आहे. फक्त सरकारला बोल लावून घरी गेलो तर ते शिक्षण वाया गेलं. 2018 साली देशभर दुधाची सरकारी पाहणी झाली. 6,432 नमुने घेतले. त्यातल्या 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त होते आणि 368 नमुन्यांत, म्हणजे 5.7 टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त होतं. चर्चा भेसळीची होते, पण या पाहणीत भेसळीपेक्षा मोठा आकडा बुरशीच्या विषाचा निघाला.

हे विष येतं कुठून? ओलसर ढेपेतून, बुरशी लागलेल्या मक्यातून, शेंगदाण्याच्या पेंडेतून. आपण कापूस विकतो, सरकी जिनिंगमध्ये जाते, आणि तीच ढेप होऊन आपल्या दावणीला परत येते. खाद्यातल्या विषाचा शंभरातला एक-दोन भाग दुधात उतरतो, जास्त दुधाच्या जनावरात त्याहून अधिक. एका दिवसात तो दुधात दिसू लागतो. खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत निघूनही जातो. म्हणजे इलाज आपल्या हातात आहे. ढेप जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, भिंतीपासून दूर ठेवा. ओल लागलेली, वास येणारी, हिरवी-काळी पडलेली ढेप दुभत्या जनावराला घालू नका. पावसात सापडून काळा पडलेला कडबाही नाही. फवारणीच्या डब्यात जनावराला पाणी नाही, आणि फवारलेल्या पऱ्हाटीत लगेच जनावर सोडायचं नाही.

औषधाचं असं. 2012 पासून नियम आहे की अन्न देणाऱ्या जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर, औषध दिल्यावर किती दिवस दूध-मांस वापरायचं नाही ते छापलं पाहिजे. जिथे तो काळ ठरवलेला नाही, तिथे दुधासाठी आणि अंड्यांसाठी किमान 7 दिवस, मांसासाठी किमान 28 दिवस. सुई टोचणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा : ‘दूध किती दिवस बंद?’ आणि गोठ्यातल्या वहीत तारीख लिहा. परत आलेल्या टँकरसमोर ती वहीच आपला साक्षीदार आहे.

आपली मागणी

द्राक्षवाला बागायतदार निर्यातीच्या नमुन्याचा खर्च पेलू शकतो. आठ लिटर दूध घालणाऱ्या घराला नमुन्यामागची फी पेलणार नाही. तपासणी नको, असं आपण म्हणत नाही. चांगल्या तपासणीत आपला फायदा आहे, कारण ती नसते तेव्हा एकाच्या चुकीने सगळ्यांचा भाव पडतो. आपण म्हणतो, तपासणीचा हिशोब द्या. आजच्या बैठकीपुढे मी पाच मुद्दे ठेवतो :

1. तपासणीच्या नावाची कोणतीही कपात पावतीवर वेगळी लिहावी. त्यात सरकारी फी किती आणि खरेदीदाराचा खर्च किती, हे दिसलं पाहिजे.

2. सरकारी फी प्रक्रिया केंद्राच्या दारात टनावर घ्यावी. उत्पादकाकडून नमुन्यामागे फी घेऊ नये.

3. फी खर्चापेक्षा जास्त नसावी, आणि जमा-खर्च दरवर्षी जाहीर व्हावा.

4. माल नाकारला तर अहवाल लेखी द्यावा. केंद्रावर प्रत्येकाच्या दुधाचा वेगळा नमुना राखून ठेवावा, म्हणजे एकासाठी गाव बुडणार नाही. फेरतपासणी मागण्याचा हक्क उत्पादकाला असावा.

5. जादा खर्च दोषी असेल त्याच्याकडून घ्यावा. दोष बुरशीची ढेप विकणाऱ्याचा असेल तर त्याच्याकडून, आणि दिवस न सांगता औषध देणाऱ्याचा असेल तर त्याच्याकडून.

हे मुद्दे ठरावात आले तर प्रत्येक तालुक्याने आपापल्या संकलन केंद्रावर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्या बाईंनी पहिला अर्ज दिला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. पण मुकाट्याने बिल घेऊन घरी जाणारं एक घर कमी झालं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपलं दहा दिवसांचं बिल खिशात घालून यावं. आपण ते टेबलावर मांडू आणि ओळ न् ओळ वाचू.