रात्रीच्या मुक्कामाची जागा

प्रवासाला निघायचे म्हटले की आपण गाडी पाहतो, शिदोरी पाहतो, अंथरूण-पांघरूण पाहतो. रात्री अंग कुठे टाकायचे, हा प्रश्न मात्र बहुधा वाटेवर सोडून देतो. 'बघू की पुढं, मिळंल कुठंतरी जागा,' असे म्हणून मोकळे होतो. धर्मशाळा किंवा पाहुण्याचे घर असेल तेथे हे चालून जाते. उघड्या रानात ते चालत नाही. तेथे वाट चुकली तर परत फिरता येते, शिधा कमी पडला तर एक वेळ उपास काढता येतो; पण झोपण्याची जागा चुकली तर ती चूक ध्यानात येते अपरात्री, माणूस गाढ झोपेत असताना.

हल्ली स्वतःची गाडी काढून, टपावर तंबू बांधून रानात जाणारी मंडळी आपल्याकडेही वाढली आहेत. कराडहून पाटणच्या रस्त्याला लागले की कोयनेचे खोरे सुरू होते. शिराळ्याकडून वारणेच्या काठाने गेले की चांदोली. काही मराठी कुटुंबे याहून दूर जातात. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात आणि लगतच्या बोट्स्वाना, झिंबाब्वे या देशांत काटेरी बाभळींचे, गवताचे आणि विरळ झाडांचे अफाट रान आहे. बुशवेल्ड हे त्याचे नाव. आपल्या माण-खटावच्या माळावर बाभळी दाट कराव्यात आणि त्यात हत्ती, सिंह, तरस सोडावेत, म्हणजे त्या रानाची थोडी कल्पना येईल. तेथे स्वतः गाडी हाकत फिरायचे आणि रोज नव्या तळावर तंबू ठोकायचा, अशी रीत आहे.

गंमत अशी की तिथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाचा एक मोठा तळ आहे आणि त्याचे नाव आहे 'सातारा'! आपल्या साताऱ्याशी त्याचा संबंध नसावा. जमिनीची मोजणी चालू असताना सतराव्या तुकड्याला कोणा हिंदी मदतनिसाने 'सतरा' म्हटले आणि त्याचे 'सातारा' झाले, असे सांगतात. नावाची गोष्ट काही असो, त्या साताऱ्याला आणि या साताऱ्याला मुक्कामाचे नियम मात्र बरेचसे सारखेच लागू पडतात.

या विद्येतले आपल्याकडचे खरे जाणकार पाहायचे असतील तर फार लांब जायला नको. पावसाळा सरला की माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतले मेंढपाळ घराबाहेर पडतात. कोणी कृष्णाकाठाला येतात, कोणी घाट उतरून कोकणात जातात. घोड्यावर संसार, मागे शेकडो मेंढरे, डालग्यात कोकरे आणि सोबतीला कुत्री. महिनोन्‌महिने रोज किंवा दोन-चार दिवसांनी मुक्काम हलतो. यांचा वाडा कुठे बसावा हे आयत्या वेळी ठरत नाही. जाणता माणूस पुढे जाऊन जागा बघून येतो. पाणी किती अंतरावर, वारा कुठून येतो, जमीन कोरडी आहे का, रान कोणाचे, शेतकरी राजी आहे का, लांडग्याची वाट कुठली, हे सारे पाहून मगच घोड्यावरचे ओझे उतरते. वाघूर लावून मेंढरे आत घेतात आणि माणसे कडेने झोपतात. दक्षिण आफ्रिकेत गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात बैलगाड्यांतून स्थलांतर करणारे बोअर शेतकरीही असेच करीत. गाड्या गोल लावायच्या, मधल्या फटीत काटेरी झुडपे कोंबायची आणि गुरे-माणसे आत घ्यायची. दोन खंडांतल्या दोन समाजांना एकमेकांची वार्ता नव्हती. रात्रीच्या भयाने दोघांनाही एकच धडा दिला.

आता एकेक गोष्ट पाहू. पहिले पाणी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी पाण्याची पाहणी करावी असे बजावले आहे. किल्ल्याला जे लागू तेच राहुटीला. परंतु पाणी जवळ असावे याचा अर्थ पाण्याला चिकटून असावे असा नव्हे. पाणवठा हा रानातला बाजार आहे. दिवसा आपण जातो, रात्री जनावरे येतात. आफ्रिकेत पाणघोडा दिवसभर पाण्यात असतो आणि अंधार पडला की ठरलेल्या पायवाटेने चरायला बाहेर पडतो. त्या वाटेवर कोणी तंबू ठोकला तर दोष पाणघोड्याचा नाही. आपल्याकडे गवा आणि अस्वल यांची गोष्ट तीच. म्हणून पाण्यापासून चांगले शे-दोनशे पावले दूर राहावे, खुरांच्या आणि पंजांच्या खुणा पाहाव्यात, आणि मळलेली वाट सोडून बसावे.

दुसरी गोष्ट कोरड्या ओढ्याची. मऊ वाळू, सपाट जागा, वाऱ्याला आडोसा. पाहताक्षणी मोह पडतो. पण वळीव आपल्या डोक्यावरच पडतो असे नाही. वर डोंगरात पडतो आणि इथे चांदणे असताना पाण्याचा लोंढा येतो. आफ्रिकेतल्या वाळूच्या नद्यांबद्दल तेथील जाणकार हाच इशारा देतात. धरणाखालच्या नदीत तर पावसाचीही गरज नसते. कोयना धरणातून पाणी सोडले की खालचे पात्र भरभर चढते. तेव्हा नदीच्या पात्रात, बेटावर किंवा काठाच्या अगदी खालच्या पायरीवर मुक्काम करू नये. मागच्या पुराचा काडीकचरा झाडाला किती उंचीवर अडकला आहे ते पाहावे. नदी आपली हद्द स्वतःच लिहून ठेवते, वाचणारा हवा.

तिसरी गोष्ट उताराची, आणि ती सांगताना मन जड होते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशेच्या घरात माणसे दगावली. जुलै २०२१ मध्ये आपल्याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव या वस्त्यांवर दरड आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इरसालवाडी गेली. ही माणसे हौसेने रानात आलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच नांदत होती. मग आपण, ज्यांना जागा निवडायला मोकळीक आहे, त्यांनी पावसाळ्यात डोंगराच्या कुशीत तंबू का ठोकावा? जमिनीला नवी भेग, झाडे एका अंगाला कललेली, कोरड्या उतारावर अचानक फुटलेला झरा, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, वरून सुटलेले ताजे दगड, यांतली एकही खूण दिसली तर तेथे क्षणभरही रेंगाळू नये.

चौथी गोष्ट झाडाची. सावली दुपारी हवी असते, मुक्काम रात्रीचा असतो. जुनाट झाडाची वाळकी फांदी वारा नसतानाही मोडते. माळावरच्या एकट्या झाडाखाली वळवाच्या दिवसांत थांबणे म्हणजे विजेला बोलावणे. वर आग्या मोहोळ लटकलेले असेल आणि खाली चूल पेटली, तर धुराने उठलेल्या माशा लहान-थोर पाहत नाहीत. किल्ल्यांवर आणि लेण्यांच्या कपारीत सहलीच्या मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी आधी मान वर करून कडा पाहावा, मग डबे उघडावेत. आफ्रिकेत याला आणखी एक पुरवणी आहे : ज्या झाडाच्या शेंगा हत्तीला आवडतात, त्या झाडाखाली बसायचे नाही. हत्ती शेंगांसाठी येतो. तंबू मधे आला इतकेच.

पाचवी गोष्ट जमिनीची. वारुळे, बिळे, दगडांचे ढीग, पाचोळा आणि उंच गवत यांपासून दूर, स्वच्छ आणि किंचित उंचवट्याची जागा घ्यावी. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. त्यांतला मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात, अजीर्ण झाले असेल. म्हणून बाजेवर निजावे. ते जमले नाही तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचावी. रात्री बाहेर पडताना बत्ती आणि पायताण दोन्ही हवीत. दंश झालाच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. चौघांवरही चालणारे प्रतिविष उपलब्ध आहे. यासाठीच मुक्काम ठरवताना 'दवाखाना किती लांब?' हा प्रश्न 'पाणी किती लांब?' याच्या जोडीने विचारायचा.

आता वेळेचा हिशोब. क्रूगरमध्ये डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी तळाचे फाटक बंद होते. स्कुकुझापासून त्या साताऱ्यापर्यंत सुमारे ९० किलोमीटर; जनावरे पाहत गेले तर निम्मा दिवस सहज मोडतो. म्हणून जाणते लोक अंतर मोजत नाहीत, तास मोजतात. आपणही घाटरस्त्याला हेच माप लावावे. सूर्य मावळायच्या दोन तास आधी जागेवर पोहोचावे. अंधारात निवडलेली जागा ही निवडलेली नव्हेच. ती पदरात पडलेली असते. गाडीचे तोंड निघायच्या वाटेकडे करून ठेवावे, आणि कुठे उतरलो आहोत ते घरी कळवून ठेवावे.

क्रूगरच्या मुख्य तळांना कुंपण आहे. बोट्स्वानातल्या मोरेमी, सावुतीसारख्या तळांना ते नाही. सिंह, तरस रात्री तंबूंमधून फिरून जातात. सावुतीला हत्ती पाण्यासाठी नळ मोडीत, म्हणून स्नानगृहाभोवती भक्कम भिंत बांधावी लागली. अशा ठिकाणी शिस्त हेच कुंपण. अन्न गाडीत बंद, खरकटे बाहेर नाही, चपला-बूट बाहेर नाहीत कारण तरस तेही उचलतो, संत्री-मोसंबी जवळ नाहीत कारण त्या वासावर हत्ती येतो, आणि तंबूची साखळी रात्रभर ओढलेली. आणखी एक बारीक पण जिवावरची गोष्ट : थंडी कितीही असो, पेटती शेगडी बंद तंबूत घेऊ नये. तिचा विषारी वायू झोपेतच माणूस नेतो.

आपल्या रानाचेही नियम आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी घ्यावी, नेमून दिलेल्या जागीच राहावे, लाकूड तोडू नये. अभयारण्याबाहेर गावाची जमीन असेल तर धन्याला विचारावे. गावकऱ्याला विचारण्यात दुहेरी लाभ. परवानगी मिळते आणि माहितीही मिळते. 'तिथं नका बसू, तिथनं गवा उतरतोय,' हे वाक्य कोणत्याही नकाशात सापडत नाही.

श्रोतेहो, इथवर जे बोललो ते निवड करू शकणाऱ्यांसाठी. पण ज्यांना निवड नसते त्यांचे काय? दर हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या भागात येतात. जिथे सांगतील तिथे त्यांच्या कोप्या पडतात. कधी ओढ्याच्या काठी, कधी उसाला लागून. उसात बिबट्या असतो हे आता कराड तालुक्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांची बाळे जमिनीवरच निजतात. शनिवार-रविवारच्या हौशी तंबूसाठी आपण एवढी पारख करतो, तर पाच-पाच महिन्यांच्या या मुक्कामासाठी पाणी, उंचवटा, उजेड आणि दवाखान्याची वाट या चार गोष्टी पाहणे गावाला जड का जावे? जागा दाखवणारा हात आपला असतो. त्या जागेची जबाबदारीही आपलीच.

शिक्षक बंधू-भगिनींना एक सुचवतो. मुलांना एखाद्या दिवशी शिवारात न्या आणि सांगा, 'आज रात्री चाळीस माणसांचा मुक्काम इथं करायचा आहे, जागा ठरवा.' गटागटाने त्यांना वाद घालू द्या. वारा, उतार, पाणी, झाड, वाट, धनी, सगळ्यांचा विचार त्यांनी करावा. भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र एका दुपारी शिकवून होईल, आणि आपले गाव कुठे धोक्यात आहे हेही मुलांच्याच तोंडून कळेल.

शेवटी मुक्काम सोडण्याविषयी. मेंढपाळाचा वाडा उठतो तेव्हा रानात लेंडीखत राहते. म्हणून तर शेतकरी त्याला बोलावून घेतो, वर धान्य किंवा पैसे देतो. आपल्याला खत देता आले नाही तरी कचरा मागे न ठेवणे जमेल. चूल पाणी ओतून पुरती विझवावी, राख गार झाली का ते हात लावून पाहावे, आणलेले सगळे परत न्यावे. पुढच्या वर्षी त्याच धन्याने 'या, बसा की इथंच,' म्हटले, तर आपला मुक्काम नीट झाला असे समजावे.